रापणीचे दिवस

दसरा उलटला की अंबरनाथच्या कारखान्यात काडेपेट्या भरणाऱ्या जानूचं मन मालवणच्या वाळूत जाऊन बसे. तिकडे आता वडिलांची रापण लागली असेल, अर्धा गाव दोन्ही बाजूंनी दोर ओढत ते लांबलचक जाळं किनाऱ्याला आणत असेल, आणि जाळ्यात बांगडा नुसता उसळत असेल! एकावन्न साली कामाला लागल्यापासून या दिवसांत एकदाही त्याला गावी जाणं जमलं नव्हतं. यंदा मात्र त्याने मनाशी पक्कं केलं.

त्याच आठवड्यात त्याचे वडील बोटीने मुंबईला उतरून चाळीत येऊन थडकले. सुक्या बांगड्यांची पुरचुंडी त्यांनी सुनेच्या हाती दिली. त्या वासाने जानूला राहवेना.

"बाबा, मी नोकरी सोडतंय. तुमच्यावांगडा रापण ओढूक गावाक येतंय."



"रापण विकलंय रे झिला," वडील म्हणाले. "दोर ओढूक माणसांच उरूक नाय. सगळे तुज्यासारखे कारखान्यात गेले. माका हयसर खंय काम मिळात काय, तां बघ."