नवीन ताई

वस्तीतल्या मुलांच्या केंद्रावर आठवडाभर राबून माझ्या अंगात त्राण उरलं नव्हतं. सोमवारीच खिडकीची काच फुटली. बुधवारी कॅरमच्या सोंगटीवरून दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, त्या सोडवताना माझा चष्मा गेला, आणि शुक्रवारी चित्रकलेच्या तासाला निळ्या रंगाचा अख्खा डबा माझ्या पिशवीत उपडा झाला. एवढं सोसूनही एकाही कार्ट्यानं मला साधं नाव विचारलं नाही. सगळा वेळ आपलं, "ओ नवीन ताई."

रविवारी संध्याकाळी खुर्च्या रचून मी दाराला कुलूप घातलं. "लष्कराच्या भाकऱ्या पुरे झाल्या, चावी परत देऊन येते," असं नवऱ्याला फोनवर सांगितलं आणि वळले, तर झिंज्या उपटणाऱ्यांपैकी थोरली पायरीवर माझी वाट बघत बसलेली.

"ताई, तुमचं नाव काय?"

"आज बरं सुचलं विचारायला," मी चावी मुठीत धरून म्हणाले.



"आठवडा भरल्याशिवाय आम्ही कुणाला नाव विचारत नाही. तुमच्याआधी कुणाला विचारायची वेळच आली नाही."