हात सोडून

न्हाणीत पाय घसरल्यापासून कौसल्याबाईंचं एकटीनं देवळात जाणं मुलानं बंद केलं होतं. तोल सावरायला शिकवणाऱ्या थरथरत्या यंत्रावर दांडी सोडून उभ्या राहिल्या तरच परवानगी मिळणार होती. यंत्र सुरू झालं आणि तळपायापासून दातांपर्यंत सगळं हादरू लागलं. “दांडी सोडा न आजी, काहून भिता?” व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणाली. “तुले काय जाते वं? पडीन तर मी!” त्यांनी दांडी आणखीच आवळली. तेवढ्यात समोरच्या मंडळात गणपतीची आरती सुरू झाली. सवयीनं त्यांचे डोळे मिटले, हात जुळले. “बोलू नका,” सोबत आलेली सून त्या पोरीला कुजबुजली, “दांडी सुटली हे आईंले समजलंच नाही.” ते ऐकून कौसल्याबाईंनी डोळे आणखी घट्ट मिटले. डोळे उघडले तर पडूच, असं वाटलं. बाहेर आरती संपली. कापऱ्या आवाजात त्यांनी पुढली आरती स्वतःच सुरू केली.