दाराबाहेर

तिच्या हातून नव्या शर्टाची कॉलर इस्त्रीखाली जळली, तसा तिचा वेल्डर नवरा ताडकन उठला.

"लक्ष कुठं असतं तुझं?"

त्याचा हात वर गेला. तिने सवयीने डोळे मिटून घेतले, पण तडाखा बसला नाही. नुसतं दार धाडकन आपटलं. तो बाहेर निघून गेला होता.

तिच्या जिवाला उलट जास्तच घोर लागला. मारून मोकळा झाला असता, तर निदान संपलं तरी असतं. रागावर ताबा मिळवायला तो समुपदेशनाला जाऊ लागला, तेव्हा सासूबाई फोनवर म्हणाल्याच होत्या, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही गं." आता पिऊन आला तर? तिने लेकीला आतल्या खोलीत ढकललं, बाहेरच्या दाराला कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

जिन्यात त्याची पावलं वाजली आणि दाराशी येऊन थांबली.



"उघडू नकोस," तो बाहेरूनच धापा टाकत म्हणाला, "राग अजून उतरला नाही. आणखी एक चक्कर मारून येतो, तुम्ही दोघी जेवून घ्या."