मनकर्णाची दाढ

खुशालनं गोंडपिपरीहून बर्फ आणला, सायकलवर, पोत्यात भुसा भरून. अर्धा वाटेतच विरघळला. उरला तो त्यानं रुमालात बांधला आणि खाटेवर निजलेल्या बायकोच्या, सत्यशीलाच्या गालाला लावून धरला. मे महिना होता.

तेवढ्यात मोठी जाऊ मनकर्णा तेंदूपत्त्याचा भारा डोक्यावर घेऊन अंगणात शिरली. मागून तिचा नवरा लहानू, त्याच्याही डोक्यावर भारा. दोघं उजाडायच्या आधीच जंगलात गेलेली. मनकर्णानं भारा खाली टाकला, माठातलं पाणी स्वतःच घेऊन प्याली आणि दारातून आत बघत राहिली. खुशालचा हात बर्फानं लाल झाला होता, पण तो काढत नव्हता.

सत्यशीला शाळेत शिकवायची. परवा चंद्रपूरला तिच्या दोन अक्कलदाढा काढल्या. आडव्या उगवल्या होत्या म्हणे. डॉक्टरनं कागद दिला होता आणि खुशाल तो रोज वाचून दाखवायचा. चावायचं नाही, तिखट नाही, गरम नाही, फार बोलायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही. हे शेवटचं खुशालनं पदरचं घातलं असावं, असा मनकर्णाला संशय होता.

"वहिनी, पेज आज अजून पातळ करजा," खुशाल म्हणाला आणि केळी आणायला पुन्हा सायकलवर बसला.

मनकर्णानं कण्या धुतल्या, गंज चुलीवर ठेवला. तिसरा दिवस. काल मऊ खिमट, परवा साईचं दही, आणि घरातल्या बाकीच्यांना शिळा भात. तिची स्वतःची दाढ बाजारात चटईवर बसणाऱ्या माणसानं पकडीनं ओढली होती. तोंडात चिंधी कोंबून ती चार कोस चालत आली आणि त्या संध्याकाळी सहा माणसांचा स्वयंपाक केला. लहानूनं विचारलं होतं, आज भाजीत मीठ कमी काऊन?

तिनं पळी खाली ठेवली. गंज उतरवून बाजूला सारला, आणि उठून अंगणात आली. लहानू सावलीत पानं मोजत होता, सत्तर पानांचा एक पुडा.

"मले बी दाढ दुखून राह्यली," ती म्हणाली.

लहानूनं मान वर केली. सकारी तर जंगलात वाळकी भाकर कडाकडा चावून राह्यली होती तू, असं तो म्हणाला. तिनं सांगितलं, तेव्हा नव्हती दुखत. कोणती म्हणून विचारलं तर तिनं डावा गाल धरला, आणि मग आठवून घट्ट धरला.

बोलून झाल्यावर तिला भीती वाटली. आता तो हसेल. किंवा नुसतं हूं म्हणेल आणि पानं मोजायला लागेल, आणि ते हसण्याहून वाईट होईल.

लहानूनं हातातली पानं खाली ठेवली. हात धुतले. तिला बाजेवर बसवलं आणि चुलीकडं गेला. तिथं जाऊन उभाच राहिला. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण घरातलं मीठ कुठल्या डब्यात असतं हे त्याला माहीत नव्हतं. वैलावर रिकामा गंज ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

शेवटी तो सत्यशीलाच्या दाराशी गेला. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नसतं. ती लग्न होऊन घरात आल्यापासून आठ वर्षांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता; ती समोरून आली की तो खाली बघायचा, ती पदर ओढायची. आज त्यानं तोंड भिंतीकडं केलं आणि भिंतीला विचारलं, "पेजेले पानी किती लागते?"

आत खाट करकरली. सत्यशीला पदर घेऊन बाहेर आली. गाल भोपळ्यासारखा. तिनं बोटांनी दाखवलं, एकाला सहा. लहानूनं मान हलवली. मग तो पुन्हा भिंतीला म्हणाला, "हिची दाढ पाहाले सांगा कोनी. लय दुखते म्हनते."

मनकर्णाचा चेहरा उतरला. पण सत्यशीला टॉर्च घेऊन आलीच. तिनं थोरल्या जावेची हनुवटी धरली, तोंड उघडायला लावलं. आत एक जुनी, भरून आलेली फट, आणि बाकी सगळे दात पांढरे, एका ओळीत, मक्याच्या कणसासारखे.

टॉर्च बराच वेळ चालू राहिला. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मनकर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दाढेचं नव्हतं.

सत्यशीलानं टॉर्च बंद केला. बोलायची मनाई होती, तरी सुजलेल्या जबड्यातून एकेक अक्षर बाहेर काढत ती लहानूकडं वळून म्हणाली,

"भलतीच सुजली हाये, भाऊ. चावू नका देऊ यायले."

आठ वर्षांतलं तिचं त्याच्याशी पहिलं वाक्य.

लहानू घाईनं चुलीकडं गेला. फुंकणीनं फुंकून फुंकून त्याचे डोळे लाल झाले. एकदा पेज उतू गेली, एकदा त्याला चटका बसला. मग कटोरा भरून आणला, समोर उकिडवा बसला आणि सुपानं वारा घालू लागला, पेजेला की तिला, ते कळत नव्हतं.

मनकर्णानं पहिला घोट घेतला. मीठ नव्हतंच. कण्या कच्च्या होत्या, खड्यांसारख्या जिभेवर लागत होत्या. लहानू तिच्या गालाकडं बघत होता.

तिनं एकही कणी दाताखाली येऊ दिली नाही. सगळ्या तशाच गिळल्या, आणि कटोरा पुढं केला.

"आनखी घाला जराशी."