शालूबाईचा रुसवा

"काकी, जरा हसा की," पिराजी फोटोग्राफर तिसऱ्यांदा म्हणाला. शालूबाई काही हसली नाही. वरचा ओठ पुढं काढून ती कॅमेऱ्याकडं बघत राहिली.

"रुसलीया ती," शेजारी बसलेला तिचा नवरा जोतीराम ओशाळून म्हणाला.

महिन्याभरातला हा तिसरा रुसवा. सकाळी बघावं तर बाईचा ओठ पुढं आणि तोंडातून शब्द नाही. दुसऱ्या दिवशी आपोआप सगळं सरळ. पहिल्या खेपेला त्यानं पेढे आणले, दुसऱ्या खेपेला हिरव्या बांगड्या. आज पुन्हा तेच दिसलं, तशी त्यानं राधानगरीहून तिला एसटीत बसवून कोल्हापूरला स्टुडिओत आणलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि दोघांचा मिळून एकही फोटो नव्हता.

पिराजी कॅमेरा सोडून जवळ आला. मघाशी नुसता ओठ होता, आता गालही चढला होता. त्यानं नाव विचारलं, तर शालूबाईची जीभ अडखळली.

"काका, हा रुसवा न्हाई, सूज हाय. माझ्या आईला रक्तदाबाच्या गोळीनं अशीच आलती. काकींना कसली गोळी चालू हाय?"

रक्तदाबाचीच होती, दोन महिन्यांपासून. पिराजीनं स्टुडिओ तसाच उघडा टाकला, रिक्षा थांबवली आणि दोघांना घेऊन थेट मोठा दवाखाना गाठला.

शालूबाईच्या पिशवीतली गोळ्यांची पट्टी बघताच डॉक्टरांनी तिला आत घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सूज उतरली. असं हजारात एखाद्याला होतं, पण सूज घशात गेली तर श्वास कोंडतो, असं डॉक्टरांनी समजावलं. ही गोळी आता जन्मात घ्यायची नाही आणि कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी आधी हे सांगायचं, अशी ताकीद दिली. पहिल्याच सुजेला का आला नाहीत, म्हणून रागावलेही.

डॉक्टर गेल्यावर जोतीरामनं डोळे पुसले.

"अगं, मला आपलं वाटायचं, रुसलीयास. एका शब्दानं बोलली का न्हाईस?"

शालूबाईनं हलका झालेला ओठ चाचपला. तिला हसू आवरेना.

"सांगणारच हुते की. पर पस्तीस वर्सांत पयल्यांदाच तुमी माझी समजूत काढत हुतासा."