खांद्यावरचं भोक

चौसष्ट साली शारजात हमदुल्ला टेलरने वेल्सच्या साहेबाची लाल रग्बी जर्सी अशी रफू केली, की एकही भोक दिसेना. साहेब मात्र मटकन स्टुलावर बसला. “हबीबी, मी फक्त कॉलर सांगितली होती. मैदानात फाटलेलं आम्ही शिवत नाही. आमच्या गावच्या क्लबचा सगळा इतिहास बुजवलास!” हमदुल्ला ओशाळला, टाके उसवायला बसला. एकेक भोक उघडेल तसा साहेब सांगू लागला: हे आजोबांचं, पहिल्या मॅचचं; हे वडिलांचं, चिखलातलं. बाहेर वाळू तापली होती आणि दुकानात भोकांतून हिरव्या डोंगरांचा ओला वारा येत होता. “खांद्यावरचं कुणाचं?” “भावाचं. कोळशाच्या खाणीतून तो वर आलाच नाही.” हमदुल्लाची सुई थबकली. रत्नागिरीला घरी खुंटीवर अब्बांचा फाटका सदरा होता. समुद्राने त्यांना नेल्यापासून अम्मीने टेलर मुलालाही त्या सदऱ्याला टाका घालू दिला नव्हता.