घरच्यांच्या हाती

"जॅकेट धुताना पावडर नको आणि सुगंधी लिक्विड तर नकोच नको. नाहीतर कापड पाणी प्यायला लागतं," वृंदाचा नवरा स्टेजवरून नव्या ट्रेकर मंडळींना सांगत होता. हातात त्याचं निळं रेनजॅकेट होतं. शेवटच्या रांगेत बसलेल्या वृंदाला यातला शब्द न् शब्द पाठ होता. दर ट्रेकनंतर तीच जॅकेटचा चिखल जुन्या टूथब्रशने काढायची, कोमट पाण्यात धुवायची आणि न पिळता सावलीत वाळत घालायची. त्याला हे सगळं सांगितलं होतं तेही तिनेच.

"सर, तुम्ही स्वतः धुता?" एका मुलीने विचारलं.

"मग काय! घरच्यांच्या हाती दिलं की वाट लागलीच म्हणून समजा."

सगळे खदखदून हसले. त्यांच्याबरोबर वृंदाही हसली.

दुसऱ्या दिवशी तिने तेच जॅकेट कढत पाण्यात बुडवलं, दोन मुठी पावडर टाकली, वर झाकणभर सुगंधी लिक्विड ओतलं आणि पीळ पीळ पिळलं.

शनिवारी स्वारी ट्रेकला निघाली तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. जॅकेट अंगात चढवून त्याने बाही नाकाशी नेली.

"वा! काय मस्त वास येतोय गं आज!"

आता तरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडेल म्हणून वृंदा क्षणभर थांबली. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिला.

मग तिने त्याच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत नीट ओढून दिली आणि दार उघडलं.